जुनी इमारत नोंदवताना: मुंबईत या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी

गिरगावातल्या एखाद्या चाळीच्या दारात हातात टेप घेऊन पहिल्यांदा उभे राहाल, तेव्हा वरच्या गॅलरीतून हमखास प्रश्न येईल, "म्हाडाकडून आलात का?" त्या प्रश्नात भीती असते आणि आशाही. इमारत पाडणार का, दुरुस्त करणार का, ट्रान्झिट कॅम्पात जावं लागणार का, सगळं त्या तीन शब्दांत असतं. म्हणून घरातून निघण्याआधी स्वतःला काही गोष्टी स्पष्ट सांगता आल्या पाहिजेत. हे काम कुणी दिलं, कशासाठी दिलं, आणि आपण काढलेले नकाशे आणि फोटो शेवटी कुणाच्या हाती जाणार. ही उत्तरं ठाऊक नसतील तर त्या दिवशी जाऊ नका.

हेरिटेज कन्सल्टंट म्हटलं की लोकांना वाटतं, हे जुन्या इमारती वाचवणारे. वाचवण्याचा निर्णय बहुतेक वेळा आपल्या हातात नसतो. आपल्या हातात असते ती नोंद. दुरुस्तीचा आराखडा, वारसा समितीकडे जाणारा अर्ज, न्यायालयातला वाद, पुढच्या पिढीतल्या कुणाचा अभ्यास, सगळं त्या नोंदीवर उभं राहतं. इमारत पडली तर तीच उरते. त्यामुळे या कामातली जी एक सवय मी प्रत्येक नव्या मुलाला आणि मुलीला पहिल्या दिवशी लावते, ती इथेही आधीच सांगते. वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहायचं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल तर "पा", कुणी सांगितलं असेल तर "ऐ", म्हणजे ऐकलं, आणि आपण तर्क केला असेल तर "ता", म्हणजे ताडलं. ही तीन अक्षरं एकमेकांत मिसळली की नोंद निकामी झाली. पुढे जे काही सांगणार आहे ते या सवयीच्या आधारानेच.

आधी कागद

इमारतीचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव पुरेसं नसतं. मुंबई शहरात जमिनीला सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) नंबर असतो आणि उपनगरांत सी. टी. एस. (सिटी सर्व्हे) नंबर. शहरात नुसता नंबर लिहून भागत नाही, डिव्हिजनही लागते, कारण तोच आकडा गिरगाव डिव्हिजनमध्ये असतो आणि भुलेश्वर डिव्हिजनमध्येही. मालमत्ता पत्रक काढा, त्यावरून जमीन कुणाची ते कळेल. मग दप्तर शोधायचं ते त्या मालकाकडे. जमीन जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर एक वाट, महापालिकेची असेल तर दुसरी, बंदराची किंवा रेल्वेची असेल तर तिसरीच. नवखी माणसं इथे फार दिवस घालवतात, कारण ती सगळीकडे एकदम विचारत सुटतात.

जुन्या नकाशांत सगळ्यात उपयोगी पडतात ते कर्नल लॉटन यांच्या सर्वेक्षणाचे. १८६५ ते १८७२ या काळात झालेलं हे काम ४० फुटांना १ इंच या प्रमाणात आहे, त्यामुळे त्यावर वाड्या, गल्ल्या, विहिरी वेगवेगळ्या ओळखू येतात. आपली इमारत त्यावर आहे की नाही, एवढं पाहिलं तरी वयाच्या एका टोकाचा अंदाज बांधता येतो. त्यानंतरचा मोठा टप्पा इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्तीतून नवे रस्ते काढले, हिंदू कॉलनी आणि माटुंग्यासारखे भाग आखले. एखाद्या जुन्या इमारतीची रस्त्याकडची भिंत विनाकारण तिरकी दिसली, शेवटची खोली त्रिकोणी निघाली, तर रस्त्याने ती कापली असण्याची शक्यता असते. वहीत "ता" लिहा, नकाशावर खात्री झाली की मगच ते अक्षर बदला.

पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दप्तर, काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय टाऊन हॉलमध्ये, आणि ती टाऊन हॉलची इमारत स्वतःच १८३३ ची. मराठी मासिकं, स्मरणिका, जुन्या संस्थांचे अहवाल हवे असतील तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय विसरू नका. चाळीच्या गणेशोत्सवाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला एकदा इमारतीच्या दर्शनी भागाचा असा फोटो मिळाला, जो कुठल्याही सरकारी दप्तरात नव्हता. घरगुती कागद मोडीत किंवा गुजरातीत निघतील. वाचता येत नसतील तर सरळ फोटो काढा, वाचणारा माणूस गाठा. अंदाजाने अर्थ लावू नका.

यादीतला दर्जाही आधीच पाहून ठेवा. १९९५ पासून मुंबईत वारसा नियमावली आहे, तिच्यात पहिला दर्जा, दुसरा अ, दुसरा ब आणि तिसरा अशी विभागणी आहे. दर्जा जितका वरचा तितका बदलाला वाव कमी. पण तुमच्या नोंदीची खोली दर्जावरून ठरवू नका. पहिल्या दर्जाच्या इमारतींचे नकाशे कुठे ना कुठे सापडतात. तिसऱ्या दर्जाच्या, किंवा यादीतच नसलेल्या चाळीचा नकाशा अनेकदा तुम्हीच पहिल्यांदा काढत असता.

उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, बोलीत सेसवाली इमारत असेल, तर तिची वर्गवारी विचारा. १ सप्टेंबर १९४० च्या आधीची असेल तर अ वर्ग, तिथून १९५० अखेरपर्यंतची ब, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची क. वय कळायला ही ढोबळ पण खात्रीची मदत आहे.

पहिला फेरा रिकाम्या हाताने

पहिल्या दिवशी टेप बाहेर काढू नका. इमारतीला बाहेरून एक फेरी मारा, मग समोरच्या फुटपाथवरून अर्धा तास नुसतं पाहा. मजले मोजा, खिडक्यांच्या ओळी मोजा, कुठे ओळ मोडते ते पाहा. जिथे ओळ मोडते तिथे बहुधा काही घडलेलं असतं. एखादा मजला नंतर चढवलेला, एखादी गॅलरी खोलीत घेतलेली, एखादं दार बुजवलेलं.

जोत्याकडे लक्ष द्या. मुंबईत रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि जुनी जोती खाली गेली. दारासमोर आज दोन पायऱ्या दिसतात, कधीकाळी पाच असतील. दिसतात तेवढ्या "पा", बुजलेल्या "ता". पावसात पाणी आत का शिरतं, याचं उत्तर पुष्कळदा या बुजलेल्या पायऱ्यांतच असतं.

मग माणसं. चाळीत सकाळी नळाच्या वेळेला जाऊ नका. अकरानंतर जा, किंवा दुपारी चारनंतर. चपला बाहेर काढा. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. पाणी, चहा विचारतील, घ्या. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते दिवसभर मापं घेऊन कळत नाही. आणि उद्देश लपवू नका. पुष्कळ भाडेकरूंना वाटतं की हेरिटेजचा शिक्का बसला की पुनर्विकास अडला. पागडीच्या दीडशे चौरस फुटांत तीन पिढ्या राहिलेल्या माणसाची ती चिंता खरी असते. ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींच्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्या खोलीत संसार काढलेल्या कुणाला "ही वास्तू किती सुंदर आहे" असं सांगायला जाणं मला कधीच बरोबर वाटलं नाही. आपण इतकंच सांगावं, की आम्ही जे आहे ते लिहून घेतोय आणि त्याची एक प्रत तुम्हाला देऊ. आणि प्रत खरंच द्यावी.

लोकांच्या आठवणी लिहिताना त्यांचेच शब्द लिहा. एखाद्या आजी कडीपाट (तुळयांवर फळ्या टाकून केलेली जमीन) म्हणाल्या तर तुम्ही वहीत "लाकडी फ्लोअरिंग" लिहू नका. जोतं, तुळई, खण, आढं, वासा, रीप, पाखं, घोडी (सज्ज्याला खालून आधार देणारा तिरका टेकू), कठडा, मोरी, माळा हे शब्द इमारतीचाच भाग आहेत. ज्या गवंड्याने दुरुस्ती करायची आहे त्यालाही तेच कळतात.

मापं

इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

तीन माणसांची टोळी चांगली. एकाने टेपचं शून्य धरायचं, दुसऱ्याने आकडा वाचायचा, तिसऱ्याने तो मोठ्याने परत म्हणत लिहायचा. परत म्हणणं टाळू नका. "सहाशे सोळा" आणि "सहाशे साठ" यांतला फरक गॅलरीतल्या गोंगाटात ऐकू येत नाही, आणि तो घरी बसून नकाशा काढतानाच लक्षात येतो, तेही रात्री अकरा वाजता.

आधी हाताने कच्चं रेखाटन. मोठ्या कागदावर, एका पानावर एकच खोली, पेन्सिलने. प्रमाणात नसलं तरी चालेल, पण दारं, खिडक्या, कोनाडे, खांब एकही सुटता कामा नये. रेखाटन पूर्ण झाल्याशिवाय टेप उघडायची नाही.

माप सलग घ्या. टेपचं शून्य एका कोपऱ्यात ठेवा आणि टेप न हलवता दाराची अलीकडची कड, पलीकडची कड, खिडकी, खांब असे आकडे एकाच ओळीत वाचत जा. प्रत्येक तुकडा सुटा मोजला तर प्रत्येक वेळी दोन-चार मिलिमीटर चुकतात आणि बारा खोल्यांच्या चाळीच्या शेवटी ती चूक अर्ध्या विटेएवढी होते.

प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. चारही भिंती मोजून खोलीचा आकार कळत नाही, कर्णावरून कळतो. जुन्या इमारतीतली चौकोनी दिसणारी खोली क्वचितच काटकोनात असते, आणि कॉम्प्युटरवर ती काटकोनात काढायचा मोह फार होतो. ही सुबकता खोटी असते.

भिंतीची जाडी दाराच्या किंवा खिडकीच्या पोटात मोजा. तळमजल्याला वेगळी, वरती वेगळी मिळेल, म्हणून प्रत्येक मजल्याला मोजा. भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव भागांत पुष्कळ इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत. सागवानी खांब आणि तुळया, मधे विटांची भर. गिलाव्याखाली खांब दिसत नाही. बोटांनी ठोकत गेलं की विटेचा आणि लाकडाचा आवाज वेगळा येतो. असा आवाजाने सापडलेला खांब नकाशात तुटक रेषेने दाखवा, पुढे "ता".

उंचीसाठी एक आडवी रेषा ठरवा. लेझर लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी तितकीच अचूक. भिंतीवर खडूने खुणा करा आणि तिथून खाली जमीन, वर छत असं मोजा. जमीन मधे किती दबली आहे हे एकेक मीटरवर मोजून लिहिलं तर कडीपाटाची दुखरी तुळई नेमकी सापडते. उभेपणासाठी ओळंबा. वारा असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत सोडा, डुलणं थांबतं.

लेझरचं अंतर मापक घ्या, पण त्यावर आंधळा विश्वास नको. गॅलरीत वाळत घातलेल्या साडीला किरण लागला की आकडा साडीपर्यंतचा येतो. कडक उन्हात ठिपका दिसत नाही. महत्त्वाची मापं टेपने एकदा पडताळा.

मीटरमध्ये मोजा, पण विचार फुटात करा. या इमारती बांधणारे फूट आणि इंच वापरत होते. तुम्हाला पुन्हा पुन्हा ३.०५ मीटर मिळत असेल तर तो १० फुटांचा खण, म्हणजे दोन खांबांमधला गाळा, आहे. जुने नकाशे बहुधा १ इंचाला ८ फूट अशा प्रमाणात असतात, म्हणजे १:९६. त्यांची छायाप्रत १:१०० समजून मोजली की सगळी इमारत चार टक्क्यांनी मोठी होते. ही चूक मी अनुभवी लोकांच्याही कागदांत पाहिली आहे.

नकाशे १:१०० किंवा १:५० ला, दारं-खिडक्यांचे तपशील १:१० ला, आणि कठड्याची नक्षी, घोडीचं वळण, कंगणीची (भिंतीच्या माथ्याला पुढे आलेल्या पट्टीची) कड हे जमेल तिथे पूर्ण आकारात. त्यासाठी दात्यांची कॉन्टूर पट्टी मिळते, ती आकारावर दाबली की वळण जसंच्या तसं उमटतं. एक घोडी मोजून बाकीच्या तशाच काढू नका. सगळ्यांजवळ जाऊन पाहा. दुरुस्तीत बदललेली एखादी नेहमीच निघते.

फोटोग्रॅमेट्री (अनेक फोटो जुळवून मापं काढणं), टोटल स्टेशन (दुरून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), लेझर स्कॅनर यांबद्दल थोडक्यात. दर्शनी भाग उंच आणि नक्षीदार असेल तर ती फार उपयोगी साधनं आहेत. भाड्याने मिळतात. पण ती गिलाव्यामागचं पाहत नाहीत आणि कुणाशी बोलत नाहीत. हाताने एक तरी इमारत पूर्ण मोजल्याशिवाय त्यांच्याकडे वळू नका. ड्रोन उडवायचा विचार असेल तर मुंबईत आधी परवानगी, तीही लेखी.

फोटो

सुंदर फोटो नको, पूर्ण फोटो हवेत. प्रत्येक खोलीत चारही भिंती, छत, जमीन, असे सहा. प्रत्येक भिंतीचा फोटो शक्यतो समोरून, कॅमेरा वर-खाली न झुकवता. तपशिलाच्या फोटोत मोजपट्टी ठेवा. फोटोचा नंबर त्याच वेळी कच्च्या नकाशावर बाण काढून लिहा. संध्याकाळी लिहू म्हणालात तर चाळीच्या चाळीस सारख्या दारांतलं हे कुठलं, ते कुणालाही सांगता येणार नाही.

वेळ उजेडावरून ठरवा. पश्चिमेकडच्या गॅलरीला दुपारनंतर ऊन येतं. तिरकं ऊन असताना घडाईच्या दगडावरचे छिन्नीचे व्रण उठून दिसतात. ऋतूचंही तसंच. मापं ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात घ्या, पण जुलैत एकदा मुसळधार पावसात त्याच इमारतीत जाऊन या. उन्हाळ्यात जो फक्त डाग दिसतो, तो पावसात वाहताना दिसतो.

वय कसं ओळखायचं

कोनशिला असेल तर कुठला सन आहे ते आधी पाहा. मुंबईत हे विशेष सांभाळावं लागतं, कारण इथे प्रत्येक समाजाने आपापल्या सनात दगड कोरले. शालिवाहन शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा या दरम्यानची तिथी असेल तर ७९. गुजराती व्यापाऱ्याच्या इमारतीवर विक्रम संवत असेल तर ५६ वजा करा, दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंतची तिथी असेल तर ५७. पारशी वास्तूवर यझ्दगर्दी सन असतो, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवावे लागतात. मूळ आकडा आणि हिशेब दोन्ही लिहा, नुसतं उत्तर नको.

कोनशिलेचं साल म्हणजे इमारतीचं साल, असंही नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ साली झाली, इमारत १९१४ साली पुरी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, आणि संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली १९२२ साली. यातलं कुठलं साल लिहायचं? सगळी लिहायची, प्रत्येकापुढे काय घडलं ते सांगून.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगते. उपनगरातल्या एका बंगल्याच्या छपरावरचं कौल उलटं करून पाहिलं तर त्यावर बासेल मिशनच्या मंगळुरी कारखान्याचं नाव आणि १८६५ असा आकडा. मी आनंदाने अहवालात बंगल्याचं साल १८६५ लिहिलं. तो आकडा कारखाना सुरू झाल्याचा होता, पुढे कित्येक वर्षं प्रत्येक कौलावर तोच उमटत राहिला. बंगला त्यानंतर बऱ्याच काळाने बांधलेला निघाला. अहवाल परत मागवून दुरुस्त केला, पण तोवर तो आकडा दुसऱ्या दोन कागदांत उतरला होता आणि तिथून तो आजतागायत मला काढता आलेला नाही. "पा, ऐ, ता" ही अक्षरं मी त्यानंतर वापरायला लागले. आकडा पाहिला होता, साल मात्र ताडलेलं होतं.

तरीही अशा खुणा शोधाच. लोखंडी गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठावात असतं. डॉर्मन लाँग हे इंग्लंडमधल्या मिडल्सबरोचं नाव मुंबईत पुष्कळ ठिकाणी दिसतं. टाटांचं नाव असेल तर तो गर्डर १९१२ च्या आधीचा नाही, कारण जमशेदपूरचं पोलाद तेव्हापासूनचं. मात्र गर्डर इमारतीएवढाच जुना आहे की कुजलेली सागवानी तुळई काढून नंतर घातला, हे भिंतीत शिरणाऱ्या टोकाजवळ पाहून ठरवा. तिथे गिलावा वेगळा, विटा फोडलेल्या आणि सिमेंट भरलेलं दिसलं तर तो पाहुणा.

दगड ओळखायला शिका. काळा पाषाण म्हणजे आपला बसाल्ट. मालाडचा दगड पिवळसर, ट्रॅकाइट जातीचा. कुर्ल्याचा वेगळा. पोरबंदरचा चुनखडक मऊ, मलईसारख्या रंगाचा, घडाईला सोपा म्हणून नक्षीकामात आवडीचा, आणि त्याच मऊपणामुळे लवकर झिजणारा. फोर्टमध्ये एक सकाळ नुसती दगड पाहत फिरा, हात लावून पाहा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत कुर्ला आणि मालाड शेजारी शेजारी बघायला मिळतात.

ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या, मरीन ड्राइव्हच्या, तशाच दादर-माटुंग्याच्या आर्ट डेको इमारतींची गोष्ट निराळी. त्या बहुतेक १९३० च्या दशकापासूनच्या, सिमेंट काँक्रीटच्या. तिथे इमारतीच्या नावाची अक्षरं, जिन्याचे कठडे, टेराझोची जमीन, सज्जांच्या गोलाया या गोष्टी सोसायटीच्या पुढच्या रंगकामात पहिल्यांदा हरवतात. नावाच्या अक्षरांवर कागद लावून पूर्ण आकारात उमटवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

रंगाचाही इतिहास निघतो. कठड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला, मालकाला विचारून, नखाएवढ्या जागेत धारदार पात्याने एकेक थर पायऱ्या-पायऱ्यांनी उघडत जा. वरचा तपकिरी ऑइल पेंट, खाली हिरवा, त्याखाली आणखी काही. शेवटी लाकूड लागलं की प्रत्येक थराचा फोटो आणि क्रम.

दुखणी

नवख्यांच्या अहवालांत "भिंतीला ओल आहे" असं वाक्य असतं. ते पुरेसं नाही. कुठून येते ते लिहा. छपरातून उतरणारी ओल वरून खाली पसरते. जमिनीतून चढणारी साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत पट्टा करते आणि वर क्षाराची पांढरी कड सोडते. नळातून गळणारी एका ठिकाणी बाराही महिने ओली असते. मुंबईच्या चाळींत मागच्या भिंतीला नंतर संडास आणि मोऱ्या जोडल्या गेल्या, त्यांचे पाइप भिंतीलगत उतरतात, आणि नेमकी त्याच भिंतीत तुळयांची टोकं गाडलेली असतात. तुळई मधे ठणठणीत दिसते आणि टोकाला भुसा झालेली असते. टोकं तपासा, मिळेल तिथे टोचणीने टोचून पाहा.

चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिसला तर त्याची हद्द नकाशावर रंगवा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतो, आणि मग पोपडे निघतात ते शेजारच्या मूळ दगडाचे. किल्लीने ओरखडा काढून पाहिलं तर चुना सहज उकरतो, सिमेंट उकरत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ आणि तारीख टाका, सहा महिन्यांनी भेग पुढे सरकली का ते कळेल. पिंपळाचं रोप दिसलं की त्याची जागा नोंदवा आणि मालकाला त्याच दिवशी सांगा. त्याला अहवालाची वाट पाहायला लावू नका.

जीव सांभाळा. टेकू लावलेल्या इमारतीत एकटं जाऊ नका. कडीपाटावर तुळईच्या रेषेवरून चाला, दोन तुळयांच्या मधे उभं राहू नका. महापालिकेने सी-१, म्हणजे अतिधोकादायक, ठरवलेली इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बरोबर असल्याशिवाय उंबरा ओलांडू नका, काम कितीही तातडीचं असलं तरी.

अहवाल

वास्तूचं वर्णन, इतिहास, महत्त्व, सद्यस्थिती, नकाशे, फोटो, हा क्रम सगळेच पाळतात. माझा आग्रह महत्त्वाच्या, म्हणजे ही वास्तू का मोलाची ते सांगणाऱ्या, निवेदनाबद्दल आहे. ते इमारतीला लावलेल्या विशेषणांचं गाठोडं नसावं. "भव्य", "दुर्मीळ", "अप्रतिम" हे शब्द काढून टाकले की काय उरतं ते पाहा. "या चाळीच्या चौकात बसून तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून सगळ्यांना गणपती दिसतो, कारण कठडे मुद्दाम बुटके ठेवले आहेत" हे वाक्य मोजमापावर उभं आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्याला ते सांगतं की कठड्याची उंची बदलताना काय जाणार आहे. त्यातलं "मुद्दाम" मात्र ताडलेलं. तिथे "ता" लिहा, किंवा तो शब्द काढा.

तिन्ही अक्षरं पक्क्या अहवालातही ठेवा. काही ग्राहकांना ती आवडत नाहीत, कागद कच्चा वाटतो म्हणतात. समजावून सांगा.

फाइलींना नावं देताना सी. एस. नंबर, मजला, खोली, तारीख. कच्च्या वह्या स्कॅन करून मूळ नकाशांबरोबर ठेवा, टाकू नका. दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. आणि छापील संच घेऊन इमारतीत परत जा, सेक्रेटरीकडे किंवा ज्यांच्या घरी जास्त बसलात त्यांच्याकडे. नकाशे जमिनीवर पसरा आणि लोकांना बघू द्या.

हा फेरा वगळू नका, कारण सर्वांत चांगल्या दुरुस्त्या इथे मिळतात. गेल्या वर्षी एका चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून आपली खोली शोधली, मागच्या भिंतीवरच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही नव्हती हो. आमच्या ह्यांनी फोडली, थोरलीच्या लग्नाच्या वर्षी. धूर कोंडायचा ना." आम्ही त्या खिडकीच्या दगडी उंबऱ्यावरून ती मूळची धरली होती. घरी येऊन फोटो पुन्हा पाहिला, उंबरा जिन्याच्या मोडक्या पायरीचा होता, एका कडेला पावलांची झीज स्पष्ट. नकाशाची दुसरी आवृत्ती काढली. खिडकीची रेषा तुटक केली आणि बाजूला लिहिलं: नंतरची, बहुधा १९७१, ऐ. उंबरा जुन्या पायरीचा, पा.